शेवटच्या फुग्याची शेपूट

माझं काम फुग्यांत शब्द बसवण्याचं. मुलांच्या एका मासिकात चित्रकथा येतात. त्यांतली माणसं बोलतात ते पांढऱ्या फुग्यांत लिहिलेलं असतं, आणि ते लिहिते मी. घरी, कॉम्प्युटरवर, लेक झोपलेली असताना. अक्षर केवढं हवं, ओळ कुठे तोडायची, फुग्याच्या कडेला किती हवा सोडायची, हे मी ठरवते. आत काय लिहायचं ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. त्यामुळे मी मजकूर वाचत नाही, मोजते. पाच वर्षांत ती सवयच लागली आहे.

सोमवारी सकाळी सव्वानऊला माझ्या धाकट्या भावाने आठ पानांचे शब्द पाठवले. मी ते मोजून बसवायला घेतले. सातव्या पानापर्यंत सगळं मापात आलं. आठव्या पानावर एकच फुगा होता. त्यासाठी त्याने दोन ओळी दिल्या होत्या:

शिडी मी सोडली.
थांब, मीही येतो.

अगदी मापात बसल्या. कडेला हवासुद्धा बरोबर राहिली. मी फाइल साठवली, उठले, लेकीच्या नाकाशी बोट धरून तिचा श्वास बघितला, गॅसची कळ बघितली, आणि परत येऊन त्या दोन ओळी पहिल्यांदा वाचल्या.

ही चित्रं लांब्याची. लांब्या म्हणजे माझ्या भावाचा पाचवीपासूनचा मित्र. तो ताडमाड, माझा भाऊ बुटका. शाळेत दोघांना मिळून 'काठी आणि गाठोडं' म्हणत. मोठे झाल्यावर भाऊ चष्म्याच्या दुकानात लागला, लांब्या चित्रं काढायला लागला, पण दोघं मिळून चित्रकथा करायचे. त्यांची रीत जगाच्या उलटी होती. एरवी आधी गोष्ट लिहितात, मग चित्रं काढतात. लांब्या आधी सगळी पानं काढून मोकळा व्हायचा, फुगे रिकामे ठेवून. मग ती पानं माझ्याकडे यायची. मी ती स्कॅन करून साफ करायची, आणि भाऊ त्यांत शब्द भरायचा. काय भरणार हे लांब्याला छापून आल्यावरच कळायचं. "माझीच गोष्ट मला वाचायला मिळते," असं म्हणून तो खूश असायचा.

आठ महिन्यांपूर्वी लांब्याने जीव दिला. चिठ्ठी नव्हती. होती ती ही आठ पानं, फुगे रिकामे असलेली.

आता मासिकाच्या संपादकांनी त्याच्या चित्रांचा अंक काढायचं ठरवलं होतं आणि त्यात ही शेवटची चित्रकथा हवी होती. शब्द अर्थातच माझ्या भावाने भरायचे. शुक्रवारी पानं छापायला जाणार होती.

गोष्ट अशी दिसते. एक उंच माणूस आणि एक बुटका माणूस शिडी घेऊन रस्त्याने चालले आहेत. वळताना शिडी एका खिडकीत शिरते, मग एका म्हाताऱ्याची टोपी उडवते. पहिली दोन पानं नुसती हसवणारी. मग ते एका उंच भिंतीशी येतात. उंच माणूस रंगाचा डबा घेऊन वर चढतो, बुटका खाली शिडी धरतो. तिसऱ्या पानावर दोघांचं काहीतरी बिनसतं, फुगे मोठे मोठे होत जातात. चौथ्या पानावर बुटका शिडी सोडून निघून जातो. आपल्याला फक्त त्याची पाठ दिसते. पाचव्या पानावर एक टेबल, एक चहाचा कप आणि वाजणारा फोन. सहाव्यावर बुटका धावत परत येतो. शिडी उभीच आहे, वर कुणी नाही. खालीही कुणी पडलेलं नाही. सातव्या पानावर बारा छोट्या चौकटी: बुटका शिडी धरून उभा आहे, दिवस, रात्र, पाऊस, ऊन, परत दिवस. आठव्यावर नुसती शिडी. धरणाराही नाही. भिंतीच्या माथ्यावर एक ब्रश. आणि आकाशात तो एक फुगा.

उंच माणूस पडला, की भिंतीपलीकडे उतरला? बुटका त्याच्या मागोमाग गेला, की कंटाळून घरी गेला? चित्रात काहीच सांगितलेलं नाही. माझ्या भावाने सांगितलं होतं, दोन ओळींत.

मी त्याला दुकानात फोन लावला.

"ताई, गिऱ्हाईक आहे समोर."

"शेवटच्या फुग्यात काय लिहिलंयस?"

"बसत नाहीये का? एक शब्द कमी करू?"

"बसतंय. 'मीही येतो' म्हणजे कुठे?"

"वर. शिडीवर. कुठे म्हणजे काय?" मग आवाज जरा खाली आणून, "अगं गोष्ट आहे ती. गोष्टीतला माणूस बोलतोय. तुझं आपलं काहीतरीच. पोरीला शिंक आली तरी डॉक्टरांना फोन करणारी बाई तू."

"एकदाच केला होता."

"तीनदा. डॉक्टर माझे गिऱ्हाईक आहेत, मला सांगतात."

हसला. नेहमीसारखा हसला, त्यामुळे मला धड भांडताही येईना. मी म्हटलं, "हे बघ, तो बुटका तू नाहीस. पानं माझ्याकडे नऊ तारखेला आली, माझ्या फाइलींवर तारीख आहे. तुमचं भांडण झालं वीस तारखेनंतर. मग भांडणाचं पान तुझ्याबद्दल कसं असेल?"

भांडण म्हणजे एवढंच. भाऊ त्याला म्हणाला होता, "तुझी चित्रं हल्ली मला कळत नाहीत. ह्या वेळी शब्द तूच भर." त्यानंतर आठवडाभर दोघं बोलले नव्हते.

फोनवर त्याने गिऱ्हाइकाला 'एक मिनिट' म्हटलं. मग तो म्हणाला, "म्हणजे त्याला आधीच माहीत होतं, मी सोडणार ते."

"असं कसं रे?"

"ओळखून होता तो मला. चल, ठेवतो. शुक्रवारच्या आत बसव म्हणजे झालं."

मी नवऱ्याला कचेरीत फोन केला, दोन ओळी वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "सरळ जाऊन भेट ना त्याला."

"आधी पानं नीट बघते."

"पानं काय बघायची?"

"शेपूट नाहीये."

फुग्याला खाली एक टोकदार शेपूट असते. ती ज्याच्या तोंडाकडे वळलेली, तो बोलणारा. शेपूट नसेल तर फुगा कुणाचाच नाही. पाच वर्षांत लांब्याने एकही फुगा बिनशेपटीचा काढला नव्हता. मुंग्यांच्या फुग्यांनासुद्धा केसाएवढी शेपूट असायची. आठव्या पानावरच्या फुग्याला मात्र नव्हती. आणि माझ्या मनात पाल चुकचुकली ती वेगळीच: ती मीच पुसली असेन तर?

साफ करणं म्हणजे कागदावरचे डाग, धूळ, पेन्सिलीच्या रेघा काढून टाकायच्या आणि फक्त काळी शाई ठेवायची. लांब्या आधी फिकट निळ्या पेन्सिलीने कच्चं काढायचा, त्यावर शाई फिरवायचा. निळं खोडायची गरज नसते. मी स्कॅनरला सांगून ठेवलंय की निळं दिसलं की सोडून दे. नऊ तारखेला लेकीला दात येत होते. तिच्या एका झोपेत मी आठ पानं उरकली होती. एखादी बारीक शेपूट डाग समजून गेली असेल, कोण सांगणार? शेपूट वर, आकाशाकडे असेल तर बोलणारा उंच माणूस, खाली असेल तर बुटका. माझ्या पुसण्याने भावाने उलटी गोष्ट वाचली असेल, तर ते मला आजच कळायला हवं होतं.

मूळ पानं लांब्याच्या आईकडे होती. आम्ही त्यांना काकू म्हणतो. फोन केला तर म्हणाल्या, "ये की. विचारायचं काय त्यात."

लेकीला कडेवर घेऊन मी साडेदहाला त्यांच्याकडे पोचले. काकू घरी शिवणकाम करतात. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडं बेतायचं मोठं टेबल, आणि टेबलाखाली रुंद, उथळ खण. त्यांत कागदी बेतांच्या मध्ये त्यांनी लांब्याची पानं सपाट ठेवली होती. मी आधी जमिनीवरच्या टाचण्या वेचल्या, कात्री उंचावर ठेवली, मग लेकीला खाली सोडलं. काकू बघत होत्या.

"माझा पण इथेच रांगला. एक टाचणी नाही गिळली."

"नशीब काकू."

"नशीब कसलं. लक्ष होतं तेव्हा माझं."

 त्यांनी पानं टेबलावर मांडली आणि माझ्या आधी त्यांनीच पाचव्या पानावर बोट ठेवलं, चहाच्या कपावर.

"हा कप माझाय. कान तुटका, बघ. गेला त्या दिवशी सकाळी इथेच चहाला बसला तो. दोनदा कप उचलला आणि तसाच ठेवला. मी म्हटलं, पी लवकर, मला बटणांची काजं करायचीत. बाकी काही विचारलं नाही." त्यांनी बोट बुटक्या माणसाकडे नेलं. "हा कुणी मित्रबित्र नाही ग. शिडी कोण धरतं? आईच धरते. सोडली मी."

 सकाळी भाऊ तोच बुटका आपण म्हणून सांगत होता. आणि खरं बोलायचं तर रिक्षात बसल्यापासून तो बुटका मीही झाले होते. नऊ तारखेला लांब्या पानं द्यायला दारात उभा होता तेव्हा म्हणाला होता, "ताई, ह्या वेळी आधी वाच, मग साफ कर." मी "हो हो" म्हटलं आणि मोजली. जो तो त्या पाठमोऱ्या माणसाच्या अंगात शिरत होता. चेहरा काढलेला नव्हता, त्यामुळे कुणाचंही माप बसत होतं.

मी ते काकूंना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

"आधी वाच म्हणाला?"

"हो."

"आणि तू नाही वाचलंस."

"नाही."

त्यांनी लेकीकडे बघितलं. ती मशीनच्या पायट्यावर बसून तो हलवत होती. "ही केवढी होती तेव्हा?"

"सहा महिन्यांची."

"मग," काकू म्हणाल्या, आणि पुढे काही नाही. 'मग काय करणार होतीस' की 'मग काय झालं', ते मी विचारलं नाही.

पानं खिडकीशी नेली. शाईखाली सगळीकडे फिकट निळं होतं, मी कधीच न बघितलेलं. काकूंना मोतीबिंदूमुळे ते दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "काय काय लिहिलंय ते सगळं वाच." मी वाचलं. पहिल्या पानावर: 'पायऱ्या अकरा. सगळीकडे अकराच.' दुसऱ्यावर: 'टोपी अजून उंच उडव.' तिसऱ्यावर: 'भिंतीला पोपडे हवेत. कंटाळा करू नको.' सहाव्यावर: 'सावली चुकली. सकाळ आहे ना?'

"स्वतःलाच सांगायचा तो असं," काकू म्हणाल्या. "लहानपणी जेवतानासुद्धा. 'आता भात खा, आता पाणी पी.'" आणि हसल्या. पदराने डोळे पुसले ते नंतर.

चौथ्या पानावर लिहिलेलं काही नव्हतं. पण निळ्या रेघांत तो बुटका पाठमोरा नव्हता. आधी तो आपल्याकडे तोंड करून काढलेला होता, आणि त्याच्या नाकावर चष्मा होता. शाई फिरवताना लांब्याने त्याला वळवलं होतं. माझा भाऊ चष्मा लावत नाही. लांब्या लावायचा.

आणि आठव्या पानावर, फुग्याच्या खाली, त्याच फिकट निळ्यात दोन शब्द होते: 'शेपूट ठरवायचीय.'

म्हणजे मी काही पुसलं नव्हतं. पहिला विचार हाच आला, आणि त्याची मला लाज वाटायला चार दिवस लागले.

काकूंकडून चौथं आणि आठवं पान मागून घेतलं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधलं, आणि लेकीला घेऊन भावाच्या दुकानात गेले. वाटेत मी जवळजवळ आनंदात होते. चष्मा आहे, म्हणजे शिडी सोडणारा भाऊ नाही, लांब्या स्वतःच. शेपूट ठरायची होती, म्हणजे गोष्ट पुरी नव्हती. पुरी नसलेल्या गोष्टीवरून कुणी स्वतःला फाशी ठोठावू नये. असं मी मनात तयार करून ठेवलं होतं, वकिलासारखं.

दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं मशीन आहे आणि एक अरुंद टेबल. भाऊ तिथे एकटाच होता. मला बघून म्हणाला, "झालं! आता वरात इथपर्यंत आली." मग लेकीला उचलून घेतलं आणि तिच्या डोळ्यांवर एक लहान मुलांची रिकामी फ्रेम चढवली. ती तिने लगेच तोंडात घातली.

मी पान पुढे केलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि चौथ्या पानावर वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"डावी दांडी माझ्या हातची आहे," तो म्हणाला. "तुटली होती त्याची. त्या आकाराची मिळाली नाही म्हणून जरा जाड बसवली. बघ, जाड काढलीय त्याने."

"म्हणजे हा तू नाहीस. हा तो आहे."

"हं."

"मग शिडी तू कशी सोडलीस?"

त्याने चौथं पान बाजूला सरकवलं. आठवं पान घेतलं, भिंग लावलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. वकील जसा न्यायाधीशाकडे बघेल तशी.

"ठरवायचीय," त्याने वाचलं. "म्हणजे ठरलं नव्हतं."

"हेच तर सांगतेय मी!" मी म्हटलं. "काहीच ठरलं नव्हतं."

"ठरलं नव्हतं," तो पुन्हा म्हणाला, आणि भिंग खाली ठेवलं. "त्या दिवशी दुपारी दोनदा फोन आला त्याचा. समोर एक आजोबा होते, त्यांना दोन नंबरांच्या काचा दाखवत होतो, ही बरी की ती बरी. मी दोन्ही वेळा कापला. म्हटलं, रागावलाय तर रागावू दे, संध्याकाळी करू. म्हणजे फोन आला तेव्हा ठरलं नव्हतं ताई."

मी सुरी घेऊन आले होते आणि मला वाटत होतं मलम आणलंय. तारीख दिली, ती त्याने स्वतःवर फिरवली. चष्मा दिला, त्याचा काही उपयोग झाला नाही. शेपूट दिली, तर ती पार आतवर गेली. मी आणखी काही शोधून आणलं असतं तर त्याचंही त्याने तेच केलं असतं. आणि मी सकाळपासूनचे तीन तास चित्र वाचण्यात घालवले होते. चित्र भिंतीवर टांगलं तरी चाललं असतं. माणूस दुकानात बसला होता.

बाहेर कुणीतरी विचारत होतं, चष्म्याचा एक बारीक स्क्रू मिळेल का.

मी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले आणि विचारलं, "तुला मरावंसं वाटतं का?"

हे शब्द माझ्या तोंडून असे साधे निघतील असं मला वाटलं नव्हतं. जेवलास का, तसे निघाले.

त्याने लेकीच्या तोंडातून फ्रेम काढली, पुसली, परत तिच्या हातात दिली. मग म्हणाला, "वाटतं."

"रोज?"

"सकाळी. उठल्यावर तासभर. दुकानात आलो की जरा कमी होतं."

"कधी, काय, असं काही ठरवलंयस?"

"अंक निघेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं." आणि लगेच, जणू मीच घाबरू नये म्हणून, "नक्की असं नाही. पण अंकाच्या पुढचं काही डोळ्यांसमोर येत नाही."

  'आईचा विचार कर', 'माझा विचार कर', 'ह्या पोरीचा विचार कर', हे सगळं ओठांवर आलं होतं. ते गिळलं. त्याच्याकडे विचारांची कमतरता नव्हती.

"आज तू माझ्याकडे येतोयस."

"संध्याकाळी येतो."

"आत्ता."

"मालकांना काय सांगू?"

"मी सांगते."

पुढच्या खोलीत मालक तो बारीक स्क्रू चिमट्याने बसवत होते. मी म्हटलं, "ह्याला बरं नाहीये, घरी नेते. काही दिवस येणार नाही." त्यांनी मान वर न करता सांगितलं, "न्या. महिनाभर दिसतंय मला."

"दिसतंय तर बोलला का नाहीत?"

"चष्म्याचं दुकान आहे बाई. इथे आम्ही विचारतो, तुम्हाला दिसतंय का." मग त्यांनी चिमटा ठेवला. "चुकलंच," म्हणाले. "पगाराची काळजी करू नको म्हणावं त्याला."

रिक्षातून मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ह्या वेळी माझी थट्टा केली नाही. काय काय बोलला ते नीट विचारून घेतलं, "एकटा सोडू नका" म्हणाले, आणि दहा मिनिटांत परत फोन करून सांगितलं की मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई चार वाजता बघतील. नवरा अर्धी रजा टाकून आला. 'मी सांगत होतो' असं तो म्हणाला नाही, तेवढी अक्कल त्याला आहे. तो भावाच्या खोलीवर जाऊन कपडे घेऊन आला, आणि तिथून जे जे उचलायला हवं ते उचलून आणलं. काय काय त्याची मी त्याला यादी करून दिली होती. लहान मूल असलेल्या घरात अशी यादी तयारच असते, फक्त ती मोठ्या माणसासाठी करायची वेळ येईल असं वाटलेलं नसतं.

दुपारी संपादकांना फोन केला. लेक आणि भाऊ समोर जमिनीवर होते, दार उघडं होतं.

"ती आठ पानं येणार नाहीत."

"अहो, येणार नाहीत म्हणजे? आठ पानं! तिथे मी काय छापू?"

"कोडी छापा."

"फुगे रिकामे ठेवून छापू या का? वाचकांना आवडतं हल्ली तसं."

"नको. मग प्रत्येक जण आपापलं भरेल, आणि निम्मे लोक ते काकूंच्या पत्त्यावर पाठवतील."

त्यांनी तिकडे पानं चाळली. मग म्हणाले, "त्या बेडकाच्या जुन्या गोष्टीचे शब्द आहेत ना तुमच्याकडे? तीच घेऊ." मी आहेत म्हटलं. बेडकाच्या गोष्टीत लांब्याने बेडकाला माझ्या भावाचं नाक दिलं होतं. भावाने जमिनीवरून ते ऐकलं आणि म्हणाला, "शत्रू आहेस तू माझी." बऱ्याच दिवसांनी त्याने मला शत्रू म्हटलं.

काकूंना काय सांगायचं ते मात्र ठरवलं. पानं त्यांना परत नेऊन देणार होते, आणि त्यांच्यासारखंच आपल्यालाही शिडी आपणच सोडली असं वाटत होतं, हे भावाने स्वतः त्यांना सांगावं असं मला वाटत होतं. आज नाही, त्याला झेपेल तेव्हा. त्या एकट्या राहतात. नवरा म्हणाला, "आज मी जाऊन बसतो त्यांच्यापाशी. शर्टाची बटणं तुटलेलीच आहेत."

चार वाजता डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा." मी थांबले. बाहेर तीन खुर्च्या, एक पाण्याचं पिंप, आणि भिंतीवर दिवे बंद करण्याबद्दलची सूचना. लेक माझ्या मांडीवर झोपली. दारातून काही ऐकू येत नव्हतं. पहिली दहा मिनिटं मी कान लावून होते, मग एकदा आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मी उभी राहिले, मग बसले. पाऊण तास गेला. एरवी लेक इतका वेळ झोपली तर मी तिला उगाच हलवून बघते. त्या दिवशी हात तिच्यापर्यंत गेला नाही. नजर दारावर होती.

तो बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते आणि हातात कागद होता. डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावून गोळ्यांच्या वेळा सांगितल्या, त्या माझ्याकडे ठेवा म्हणाल्या, एक नंबर दिला, कधीही करा म्हणाल्या. मी सगळं दोनदा लिहून घेतलं.

रस्त्यावर आल्यावर त्याने लेकीला माझ्याकडून घेतलं. झोपलेलं मूल जड असतं.

"गुरुवारी परत बोलावलंय," तो म्हणाला. "त्या दिवशी तू नको येऊस. बाहेर बसून दाराकडे अशी बघत असतेस की आत ऐकू येतं."

"मी येणार."

"माहितीये," तो म्हणाला, आणि रिक्षाला हात केला.